शिंदखेड्याच्या दिपमालाबाईंनी जळगावच्या केळीकोठीवर भरिताची मोहीम केली त्याची हकीकत

वाग्देवीस वंदन करून, बुराई आणि तापी या दोन्ही नद्यांकाठच्या ग्रामदेवतांस मुजरा करून, आणि मोबाइलच्या मनोऱ्याने आज तरी दगा देऊ नये ऐसे मागून, ही हकीकत लिहावयास घेतली आहे. हल्लीच्या काळी नोकरी नामे गड सर करणे किती बिकट जाहले आहे हे मागाहून येणाऱ्यांस कळावे, आणि त्यांनी बायोडाटा नामक एका कागदावर सारी भिस्त ठेवून घरी बसू नये, याकरिता जे घडले ते तसेच मांडले आहे. ज्याची चूक ती त्याच्या नावे, ज्याची शर्थ ती त्याच्या नावे. कोणाचे कोणाकडे वळते केले नाही. कंपनीचे नाव लिहिण्यास कंपनीची मंजुरी आली नाही, सबब लिहिले नाही.

धुळे जिल्ह्यात शिंदखेडे कसबा, तेथे राजश्री झुलाल नाना बोरसे, कापूसवाले शेतकरी, बोलण्यास मवाळ आणि निर्णयास त्याहून मवाळ, यांची कन्या चिरंजीव दिपमालाबाई, बी.कॉम. पदवीने अलंकृत. बाईंची प्रकृती ऐसी की चार माणसे एके ठायी उभी दिसली की त्यांस कामे वाटून दिल्यावाचून त्यांस चैन पडत नसे. चारा कोणी कापावा, नानांनी चहा कितीदा प्यावा, शेजारच्या वनाभाऊंनी ट्रॅक्टर दारात न लावता कोठे लावावा, हे सारे बाईंच्या तोंडून सुटे आणि सुटताच अंमलात येई. चुलतभावाच्या लग्नात वाढपी ऐन वेळी पळाले असता बाईंनी वरातीचा बँडच पंक्तीत उतरविला, आणि ढोलवाल्याने भात वाढिला, आणि कर्णेवाल्याने वरण वाढिले, आणि पंगत वेळेत उठली; परंतु थोरले जावई, ज्यांस 'उठा, दुसरी पंगत खोळंबनी शे' ऐसे सांगणे जाहले, ते आजतागायत रुसलेले आहेत. मग भाऊबंदांनी बाईंस 'मुकादम' हा किताब दिला. किताब हसून दिलेला, आणि बाईंस तो हसून दिलेला आहे हे कळत होते, आणि रात्री उशीवर डोके टेकले म्हणजे थोडा टोचतही होता.

ऐशात सुरतेहून मामा राजश्री प्रेमराज, साडी बाजारातील मातबर दुकानदार, यांचे फर्मान आले की, संक्रांत सरेतो पोरीस नोकरी नाही लागली तर गाडीत बसवून इकडे धाडावी, दुकानी साड्यांच्या घड्या घालील. मामांच्या मनात वाईट काही नव्हते, हे जमेस धरिले पाहिजे. परंतु त्या दुकानी बोलावे ते एकट्या मामांनी, हा शिरस्ता. बाई एका सुटीत तेथे राहून आलेल्या होत्या, आणि एके दिवशी त्यांनी गिऱ्हाईक बाईस 'ही नका घेऊ, तुम्हांला उठून दिसत नाही' ऐसे खरे ते सांगितले, आणि त्याच दिवसापासून त्यांची नेमणूक मागल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, घड्यांवर जाहली. ती खोली बाईंच्या मनातून गेली नव्हती. पूर्वी सुरतेवर स्वाऱ्या होत त्या सुरतेस जाण्याकरिता. ही मोहीम सुरतेस जावे लागू नये याकरिता. इतकाच फरक, बाकी निकड तीच.

आता बायोडाट्याचे वर्तमान. कसब्यात बसस्थानकासमोर नीलेश नामे गृहस्थ, झेरॉक्स आणि इंटरनेटचे दुकानदार. गृहस्थ कामाचा चोख, परंतु त्याने एकदाच एक नमुना तयार केला होता, आणि नाव, बापाचे नाव आणि गाव एवढे पालटून बाकी सारे कायम ठेवीत असे. मग तोच नमुना पेन ड्राइव्हवर स्वार होऊन शिरपूर, भडगाव, धुळे ऐसा फिरला, आणि उभ्या खानदेशातील तरुण मंडळी कागदोपत्री 'मृदुभाषी, मनमिळाऊ, वाचन व पोहण्याची आवड' ऐसी होऊन बसली. बुराईस पाणी पावसाळ्यात दिसले तर दिसले. तरी कागद पाहता शिंदखेडे हे बंदर असावे आणि येथील रयत होड्यांत जन्मत असावी ऐसा समज कोणाचाही व्हावा.

हे कागद, बाईंचाही त्यांतच, जळगावच्या एका केळी निर्यातीच्या कंपनीत ढिगाने जाऊन पडले. कंपनीस काढणी टोळ्यांवर सुपरवायझर पाहिजे होता. टोळ्या म्हणजे शेतोशेती जाऊन केळीचे घड कापून आणणारे लोक; त्यांत रोज कोणी यावयाचा नाही, कोणी कोणाशी भांडावयाचा, आणि ट्रकवाले गाडी लावतील ती नेमकी वाटेत. पूर्वीचा सुपरवायझर अत्यंत सज्जन होता आणि त्याच कारणे टिकला नाही. माणसे निवडण्याचा अधिकार सुलक्षणा मॅडम यांचे हाती. त्यांनी कागद वाचावयास घेतले, आणि पहिल्यास आनंदल्या, आणि तिसऱ्यास थबकल्या, आणि गठ्ठा सरेतो त्यांस पोहणाऱ्यांचा वीट आला. मग त्यांनी व्हॉट्सअॅपवर फर्मान सोडिले की, आमचे येथे कागद पुष्कळ जमा, माणूस एकही जमा नाही. सबब उमेदवारांनी खासे स्वतः कोठीवर यावे, आणि गाऊन, बोलून अथवा करून, जे मनास येईल त्या मार्गाने, आपण माणूस कोण आहो हे उघड करावे. पाठ केलेले भाषण आणल्यास फाटकातूनच निरोप मिळेल.

खलिता शिंदखेड्यास पोचताच नानांचे ओसरीवर खलबत भरले. काय दाखवावे, हा सवाल. वनाभाऊंनी गाणे सुचविले. बाईंनी एक ओळ म्हणून दाखविली, आणि वनाभाऊंनीच ती सूचना मागे घेतली. नाना म्हणाले की आमच्या पोरीच्या हातचे भरीत ज्याने खाल्ले त्याने दुसऱ्या घरचे नाव घेतले नाही, तरी भरीतच करावे. ही मसलत एकमुखाने मंजूर जाहली. मग मातोश्री पुष्पाबाईंनी लेकीस स्वयंपाकघरात घेऊन दार लोटले आणि निराळी मसलत दिली.

"हाई दख माय, तठे जाईसन कोनले हुकूम करू नको. हासत ऱ्हाय. दखाडनं ते भरीत दखाड, तू नको दखाडू."

म्हणजे कंपनीने मागितले होते ते सोडून बाकी सर्व दाखवावे, ऐसा ठराव जाहला. बाईंस तो रुचला नाही. परंतु रुसलेले जावई डोळ्यांपुढे आले, मामांची मागली खोली आली, आणि त्यांनी देवासमोर हात जोडून शपथ घेतली की, जळगावी आवाज चढविणार नाही आणि कोणास काम सांगणार नाही.

सरंजाम निघाला. येथे एक चूक घडली, ती खानदेशाबाहेर कोणाच्या हातून घडती ना. सुलक्षणा मॅडम आणि कंपनीचे धनी मिळून चाखणारी तोंडे ती किती! परंतु भरीत दोघा-चौघांपुरते करणे हे या मुलखी सुतकासारखे मानितात. भरीत म्हणजे शेतात चूल, अवघे भाऊबंद, आणि वाटेने जाणाराही हात धुऊन बसलेला. मग नानांनी वांगी मोजली नाहीत, पोती मोजली, ती दोन भरली. गॅसवर भाजलेल्या वांग्यास नाना वांगे म्हणत नसत, म्हणून उपटलेल्या कापसाच्या काड्यांचा, पऱ्हाटीचा, भारा बांधिला. भरीत कुटण्याची लाकडी बडगी घेतली. आणि पुष्पाबाईंनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी धडप्यात बांधून दिल्या. ऐसा दारूगोळा रिक्षाने स्टेशनावर आला.

शिंदखेड्याच्या स्टेशनाची मौज ऐसी की एकाच रुळांवर उभे राहून उजवीकडे गेल्यास जळगाव आणि डावीकडे गेल्यास सुरत. सुरतेची गाडी आधी आली, थांबली आणि गेली, आणि तितका वेळ बाईंनी पाठ फिरवून पऱ्हाटीचे बंध तपासले. मग जळगावची पॅसेंजर आली आणि सैन्य चढले. अमळनेराच्या अलीकडे तिकीट तपासनीस आले आणि भारा पाहून विचारते जाहले की हे जळण कोणाचे. बाई मातोश्रींच्या सांगण्याप्रमाणे हसल्या. तपासनिसांनी पुन्हा विचारिले. बाई पुन्हा हसल्या. तपासनिसांस आपल्या चेहऱ्यास काही लागले आहे की काय ऐसा संशय येऊन त्यांनी खिडकीच्या काचेत पाहून घेतले. मग नाना उठले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, हाई जळन नही, हाई पोरनी नोकरी शे." त्यावर सारा डबा वकिलीस उभा राहिला, आणि एका म्हातारीने भरितात लसूण किती याचा वाद काढिला, आणि तपासनीस साहेब स्वतः पाचोऱ्याकडील असल्याने त्यांस लसणाविषयी मत होते, आणि ते देता देता धरणगाव आले. भारा दारातून काढून बाकाखाली सारावा, एवढा हुकूम करून ते उतरले.

जळगावाबाहेर भुसावळच्या रस्त्यास कंपनीची कोठी, जिला हल्लीचे लोक पॅकहाऊस म्हणतात. मोठी पत्र्याची शेड, तिला लोखंडी शटरे, आत हिरव्या केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरलेल्या, संध्याकाळी कंटेनरात चढून परदेशच्या बंदरास जावयाच्या. नानांस पहारेकऱ्याने फाटकाबाहेर निंबाखाली बसविले, आणि तेथून ते गजांमधून आत पाहत राहिले. कोठीचे खासे धनी राजश्री झिपरू आबा, रावेरकडील जुने केळीवाले, पांढरा सदरा, पांढरी टोपी, खुर्ची टाकून मध्यभागी विराजमान. आबा अंगणात असता त्यांच्या वाटेत कुत्रेही आडवे जात नसे, ऐसा लौकिक.

उमेदवार अनेक आले होते, पैकी दोघांचे लिहितो. धुळ्याचे चिरंजीव भूपेंद्र, इस्त्रीचा पांढरा शर्ट, यांनी लॅपटॉपवर चित्रे दाखविली. पहिल्या चित्रात भूपेंद्र गडावर हाताची घडी घालून उभे, दुसऱ्यात समुद्राकाठी हाताची घडी घालून उभे, तिसऱ्यात मित्राच्या मोटारीस टेकून हाताची घडी घालून उभे. सुलक्षणा मॅडमनी पुसले की यावरून आपला कोणता गुण कळावा, भूपेंद्र म्हणाले, "सातत्य, मॅडम." भडगावच्या मयुरीताई यांनी गिरणेवर स्वतः केलेली कविता म्हटली, ती चांगली होती, परंतु सहाव्या कडव्यास आबांचा डोळा लागला. आणखी एकाने पक्ष्यांचे आवाज काढिले, आणि कोठीवरचे कावळे उत्तर देऊ लागले ते आवरेनात.

मग दिपमालाबाईंचा पुकारा जाहला. बाई पोती घेऊन पुढे आल्या आणि दबक्या आवाजात, पुष्पाबाईंनी शिकविल्याप्रमाणे, विचारत्या जाहल्या की चूल कोठे मांडू. सुलक्षणा मॅडम नाशिकच्या, त्यांनी सावली पाहून शेडीच्या कडेची जागा दाखविली. वारा त्याच कडेने शेडीत शिरत होता. बाईंनी वारा ओळखिला. घरी असत्या तर 'आठे नको' हा शब्द तोंडून केव्हाच सुटला असता. परंतु शपथ आडवी आली, आणि त्या हसल्या, आणि चूल तेथेच मांडिली.

मग बाईंनी मंडळींस आर्जव केले की कोणास सवड असल्यास थोडी मदत व्हावी. सवड सर्वांस होती आणि आर्जवाने काम चालते तैसे ते चालले. भूपेंद्रांनी भाजलेली वांगी नळाखाली नेऊन साबणाने धुण्याचा विचार प्रकट केला. पक्षीवाल्याने मिरच्या निवडल्या आणि डोळे चोळले, आणि मग जे आवाज काढिले ते कोणत्याही पक्ष्याचे नव्हते. मयुरीताई लसूण सोलीत होत्या, परंतु एकेका पाकळीचा निरोप घेत होत्या. बाई आतून उकळत होत्या आणि बाहेरून हसत होत्या, आणि गालफडे दुखावयास लागली होती. तेवढ्यात आबा उठले आणि शटराखाली नेमके मध्ये येऊन उभे राहून व्याख्यान देते जाहले की भरिताचे वांगे हिरवेच पाहिजे, ही तुमची जांभळी वांगी भाजीस ठीक, आणि धुळ्याकडच्या लोकांस भरीत कळत नाही यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या पाण्याचा आहे.

ऐशात कोणी शहाण्याने चुलीवर ओल्या काड्या टाकिल्या, आणि वाऱ्याने उसळी घेतली, आणि धुराचा लोट उठून थेट शेडीत शिरू लागला. जळगावास शेंबड्या पोरासही ठाऊक की कच्च्या केळीस धूर लागला म्हणजे ती पिकावयास लागते. आत संध्याकाळचा सारा माल उघडा. ही केळी समुद्रातच पिवळी पडावयाची आणि पलीकडच्या बंदरात साली उतरावयाच्या, हे सर्वांस एकदम उमगले, आणि सर्वच्या सर्व अत्यंत मृदुभाषी जाहले. कोणी म्हणाला शटर ओढावे काय. दुसरा म्हणाला मॅडमना विचारावे. मॅडम म्हणाल्या मॅनेजर कोठे आहेत. मॅनेजर म्हणाले आबा शटराखाली उभे आहेत, त्यांस कसे सांगावे. आणि आबा तर पाण्याचा दोष समजावीत होते आणि त्यांची पाठ शेडीकडे होती.

तेव्हा दिपमालाबाईंची शपथ सुटली.

"आबा, बाजू व्हा! आठे उभा ऱ्हाऊ नका!"

आबा आपल्या हयातीत प्रथम बाजूस जाहले. ते स्वतःहून जाहले की आवाजाच्या धक्क्याने, याविषयी दोन मते आहेत. मग बाईंनी पदर खोचला आणि हुकमांची फैर झाडली. "शटर वढा खाले, दोन्ही! ओ पांढरा शर्ट, दखत काय ऱ्हायना, पावडं लई ये! ओ कवितावाली, तू ताडपत्री धर त्या फटीवर, घट्ट! मॅडम, आतले पंखे उलटे फिरतात का? मग फिरवा!" आणि शटरे धडाधड उतरली, आणि भूपेंद्रांनी फावड्याने निखारे उचलून अंगणाच्या पलीकडे वाऱ्याखाली नेले, आणि मयुरीताई ताडपत्रीस ऐशा बिलगल्या की त्यांस मागाहून सोडवावे लागले, आणि सुलक्षणा मॅडम खुद्द धावत जाऊन पंख्यांचे बटण शोधित्या जाहल्या. निंबाखालून नानांनी धूर पाहिला आणि पहारेकऱ्यास अभिमानाने म्हणाले, "चूल पेटनी!"

वादळ शमले. मॅनेजरांनी आत जाऊन फण्या पाहिल्या, हुंगल्या, आणि माल बचावला ऐसे जाहीर केले. बाईंनी वळून पाहिले. आबांची खुर्ची रिकामी. आबा वजनकाट्याजवळ जाऊन, एका उलट्या क्रेटवर, पाठ करून बसले होते, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेविली होती. मॅनेजर कुजबुजले की आबांनी टोपी काढली म्हणजे संपले, मागे एकदा काढली होती तेव्हा दोन दिवस घरी जेवले नाहीत. बाईंस एका क्षणात आपला हिशेब समजला. सुरत. मागली खोली. भिंत. डोळ्यांत पाणी आले ते त्यांनी धुराच्या नावे लिहिले.

परंतु मग त्यांस ऐसे वाटले की आता गेलेच आहे तर वांगी तरी का वाया घालवावी. शपथ एकदा मोडली की तिचे तुकडे सांभाळण्यात अर्थ नाही. आणि त्यांनी लपविणे सोडून दिले. पक्षीवाल्यास मिरच्यांवरून उठवून पाणी भरण्यास लाविले, कारण त्याचे डोळे गेले होते. मयुरीताईंस सांगितले की लसूण सोलायचा शे, त्याले दुःख सांगायचं नही, आणि मयुरीताई हसल्या आणि हात चालू लागला. भूपेंद्रांचे हाती बडगी दिली आणि सांगितले की मी थांब म्हणेतो कुटायचे. भूपेंद्रांनी ऐसे कुटले की तो पांढरा शर्ट पुढे कोणत्याही रंगाचा म्हणता येईना, आणि चेहरा मात्र त्या दिवसात प्रथम खुलला. कोठीवरचे हमाल, पॅकिंगच्या बाया, ट्रकवाले, सारे वासाने गोळा जाहले, आणि प्रत्येकास काही काम पडले, आणि आश्चर्य हे की कोणी रुसले नाही. तेलाची फोडणी पडली, शेंगदाणे तडतडले, पात आणि कोथिंबीर पडली, आणि पंक्ती बसल्या. परंतु कोणी घास उचलेना. धनी उपाशी असता चाकरांनी जेवणे, हे त्या अंगणात होत नसे. सर्वांच्या माना वजनकाट्याकडे.

मॅनेजर निघाले तोच बाईंनी त्यांस बसविले, आणि पाने तशीच सोडून स्वतः गेल्या. सुलक्षणा मॅडमही चार पावले मागे गेल्या, ऐकण्याच्या अंतरावर थांबल्या.

आबा मान न वळविता म्हणाले, "काहून आली वं आता? पाया पडाले?"

"पाया पडाले नही, आबा. बलावाले."

"मले बाजू व्हा म्हने! माह्याच आंगनात!"

बाई उभ्याच राहिल्या, आणि येथे गोड बोलून सुटका करून घेण्याची वाट उघडी होती, आणि त्यांनी ती पाहिली देखील. मग म्हणाल्या, "आबा, वारा मले कयना व्हता. चूल तठे नको मांडाले, हाई मले समजत व्हतं, तरी मी गप ऱ्हायनी. ती चूक मनी शे, तिनी माफी मांगस. पन तुमले बाजू व्हा सांगं, ती चूक नही. त्यानी माफी नही मांगाव."

आबांनी प्रथम मान वळविली. त्यांनी बाईंस न्याहाळिले, जसे घड कापण्याआधी फणी न्याहाळतात. मग विचारिले, "गप काहून राहिली?"

"घरना लोके सांगतस, तुना आवाज मोठा शे."

"आहेच," आबा म्हणाले. "माह्या कानात आजून वाजते." आणि पडत्या स्वरात, "मीठ कितलं टाकलं?"

"ते तुम्हीच चाखीसन सांगा. तिखटमीठ पारखाले सर्वास्ले तुमनीच वाट शे."

आबांनी टोपी डोक्यावर ठेविली. ती ठेविलेली दिसताच मॅनेजरांनी दुरूनच 'सुरू करा' ऐसा इशारा केला, आणि बाईंनी दुरूनच 'थांबा' ऐसा इशारा केला, आणि पंक्ती बाईंचे ऐकून थांबल्या. हे सुलक्षणा मॅडमनी टिपले. आबांनी येऊन घास घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि हुकूम दिला की मीठ बरोबर आहे, वांगे मात्र चुकीचे आहे, आणि मला आणखी वाढा. या वेळी ते तीनदा मागून घेते जाहले. तरी वांग्याविषयीचे मत त्यांनी शेवटच्या भाकरीपर्यंत सोडिले नाही.

हात धुऊन जाहल्यावर सुलक्षणा मॅडमनी बाईंस शेडीत बोलाविले, आणि नीलेशच्या दुकानचा तो कागद टेबलावर ठेविला, आणि 'मृदुभाषी' या शब्दावर बोट ठेवून विचारिले की हे कोणी लिहिले.

"नीलेशने," बाई म्हणाल्या.

"आणि पोहणे?"

"तेही त्यानेच."

"पोहता येतं का?"

"नाही. पण नदीला पाणी आलं तर शिकेन."

मॅडम हसावयास लागल्या आणि त्यांस आवरेना. मग म्हणाल्या की, दिपमाला, तुम्ही पहिला अर्धा वेळ जशा वागलात तशा शेवटपर्यंत वागला असता तर मी तुम्हांला आभार मानून निरोप दिला असता. बाईंस हे समजावयास थोडा वेळ लागला. त्या विचारत्या जाहल्या की म्हणजे काय. तेवढ्यात आबा दात कोरीत आत आले आणि त्यांनी अर्थ स्पष्ट केला.

"टोळ्याईवर हेच पोरगी पायजे. मले बाजू व्हा म्हनते, ट्रकवाल्याले काय सोडन!"

ऐसा हुकूम होऊन काढणी टोळ्यांची सुपरवायझरी दिपमालाबाईंचे नावे कायम जाहली. चिरंजीव भूपेंद्र हुकूम ऐकतात आणि थकत नाहीत हे बडगीने सिद्ध केल्यामुळे त्यांस पॅकिंग खात्यात उमेदवारीवर घेतले. त्यांनी हाताची घडी घालून धन्यवाद दिले. मयुरीताईंस मॅडमनी जाहिरातीच्या मजकुरास बोलावीन ऐसे सांगितले, कविता चार कडव्यांवर आणण्याच्या अटीवर. मोहिमेत खर्ची पडले ते ऐसे: दोन्ही पोती वांगी, समूळ, पऱ्हाटीचा भारा, भूपेंद्रांचा शर्ट, ज्याचे अवशेष पुढे केळी पुसण्याच्या कामी आले, एक शपथ, देवासमोर घेतलेली, जिच्याविषयी देवाने तक्रार केलेली नाही, आणि उभ्या अंगणाची भीड, जी बरीच जुनी होती. हाती लागले ते वर लिहिलेच आहे.

फाटकाबाहेर नाना उठून उभे होते. बाईंनी वर्तमान सांगितले. नानांनी निंबाच्या खोडास हात लाविला, मग डोळ्यांस लाविला, आणि मग खिशातून मोबाइल काढून मामांचा नंबर लावावयास घेतला, कारण अशी बातमी थोरांनीच कळवावी ऐसा रिवाज. बाईंनी फोन हातातून घेतला. "नाना, मी बोलस."

सुरतेस घंटी गेली. मामांनी उचलला, आणि समोर नाना आहेत ऐसे समजून, नेहमीप्रमाणे आधी आपणच बोलावयास लागले की, पोरीचे तिकीट काढून ठेविले आहे, खालचा बर्थ मिळाला आहे, संक्रांत सरताच बसवून द्यावी, येताना दोन जोड कपडे बास, आणि घड्या घालण्याची सवय मोडली असेल ती पुन्हा लावून घेऊ.

दिपमालाबाईंनी त्यांस सर्व बोलू दिले. मग आवाज चढविला नाही आणि उतरविलाही नाही, जो होता तोच ठेविला.

"मामा, दिपमाला बोली ऱ्हायनी. तिकीट रद्द करा. आते मी सांगस, तुम्ही ऐका."

आणि सुरत ऐकती जाहली. पलीकडून दुकानाच्या पंख्याची घरघर तेवढी येत राहिली, आणि बाईंनी वांग्यापासून टोपीपर्यंत सारे सांगितले, मध्ये कोठे घाई केली नाही. पौष मासी, संक्रांतीच्या आत, जळगावच्या केळीसुभ्यात चिरंजीव दिपमालाबाई झुलाल बोरसे यांचा अंमल बसला आणि सुरतेने तो मान्य केला. फत्ते जाहली. साक्षीस झुलाल नाना, निंबाखाली उभे, आणि फाटकाचा पहारेकरी, ज्याने भरीत दोनदा घेतले.